अण्णांची 118 पुस्तकं : बांधणीच्या नोंदी

5 नोव्हेंबर 2023

आज पत्र्याची ट्रंक उघडली. आत 118 पुस्तकं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अधूनमधून वेखंडाच्या पुरचुंड्या. अण्णा, माझे वडील, जाऊन पावणेदोन वर्षं झाली. इतके दिवस ट्रंक आईच्या कॉटखाली होती. मी तिला हात लावला नव्हता.

पुरात भिजलेली पुस्तकं पुन्हा बांधायची कुणावर वेळ आली तर उपयोगी पडावं, म्हणून या नोंदी. मला बांधणी येत नाही. शिकत शिकत करणार आहे, तेव्हा चुकाही इथेच लिहीन.

मागची हकिकत आधी. अण्णा शिंपी. दिवसभर दुकान, संध्याकाळी पाच ते आठ गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे सगळ्यात लहान. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान येतं, त्यातून अण्णांच्या हातात पडायचं ते अगदी थोडं. गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या वाचनालयात कमरेएवढं पाणी चार दिवस उभं होतं. कपाटांचे खालचे दोन कप्पे बुडाले.

भिजलेली पुस्तकं नंतर ठराव करून निर्लेखित झाली, म्हणजे दाखल नोंदवहीतून कमी केली, आणि रद्दीत निघाली. अण्णांनी ती रद्दीच्या भावाने विकत घेतली. 41 किलो, किलोला 10 रुपये, एकूण 410. पावती ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. ते स्वतः ग्रंथपाल होते. तशीच उचलून घरी आणली असती तरी कुणी विचारलं नसतं.

ट्रंकेत एक जाड वहीही निघाली. वर लिहिलंय 'बांधणी'. रकाने असे: दाखल क्रमांक, नाव, फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे), दोरा, कापड, तारीख. पहिल्या पानावर जुन्या पोथ्यांच्या शेवटी सापडतो तो श्लोक उतरवलाय, पुस्तकच बोलतंय असा: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. यातला शेवटचा भाग अण्णांनी खोडलाय. उतरवताना चुकलं असावं.

दिवसभरात तीन ढीग केले. नुसती शिलाई गेलेली 71, पानं फाटलेली किंवा हरवलेली 34, आणि पानं एकमेकांना घट्ट चिकटून वीट झालेली 13.

13 नोव्हेंबर 2023

दिवाळीची सुट्टी वाया गेली. तीन पुस्तकं बिघडवली.

सोपी म्हणून तीन घेतली. कण्याकडच्या बाजूने पानांना वरून आरपार भोकं पाडली, मशीनचा पॉलिएस्टरचा दोरा ओवला आणि कण्यावर सुतारकामाचा पांढरा गोंद भरपूर लावला. रात्री वजन ठेवलं. सकाळी दिसायला छान. उघडायला गेले तर पुस्तक अर्धंच उघडतं. आतल्या ओळींची टोकं शिलाईत गेली. जरा जोर केला तर दोऱ्याने कागद ब्लेडने कापावा तसा कापला.

गोंद काढायचा प्रयत्न केला. एकदा वाळला की तो पाण्याने सुटत नाही, खरवडला तर कागद घेऊन निघतो. या तीन पुस्तकांचं आता काही होणार नाही. कुणी हे करत असाल तर पांढरा गोंद जुन्या कागदाजवळ आणूच नका. चिकटपट्टीही नको. अण्णांच्या आधी कुणीतरी लावलेल्या पट्ट्यांखाली कागद चहाच्या रंगाचा झालाय, आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहिलाय.

3 डिसेंबर 2023

नवीन पुस्तकाला हात लावायच्या आधी अण्णांनी बांधलेलं एक पुस्तक उसवायचं ठरवलं. वाचनालयातून दाखल क्रमांक 643 मागून आणलं. ते वरच्या कप्प्यातलं, पुरातून वाचलेलं, पण आता कण्याला ढिलं झालंय. पुन्हा बांधून देईन असं सांगून आणलंय.

उसवायला दोन तास लागले. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. या दोन तासांत जे कळलं ते आधीच्या चार दिवसांत कळलं नव्हतं.

अण्णा वरून भोकं पाडत नसत. ते जुजबंदी करत. सोळा पृष्ठांचा एकेक फर्मा मधोमध उघडायचा, घडीत आरीने भोकं पाडायची, दोरा आतून बाहेर काढायचा आणि शेजारच्या फर्म्याच्या दोऱ्यात अडकवत पुढे जायचं. दोरा सुती, तीन पदरी, मेण लावलेला. असं पुस्तक टेबलावर ठेवलं की सपाट उघडं राहतं.

वरून टोचलेलं पुस्तक वीस मिनिटांत होतं. जुजबंदीला दोन-तीन तास. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, इतका वेळ कशाला घालवता? दुकानात कपडे पडलेले असायचे, गिऱ्हाईक आईवर ओरडून जायचं. अण्णा म्हणाले होते, "पुस्तक हात न लावता उघडं राहिलं पाहिजे. भाकरी थापणाऱ्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तिनं कधी वाचायचं?"

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आमच्याच घरी आईला भाकरी थापताना वाचायला पुस्तक असे, पण अण्णा घरी नसत. माझ्या अभ्यासाला बसायला, आईला बाजारातून पिशवी आणून द्यायला, कशालाच ते संध्याकाळी नसत. हा राग मी बरीच वर्षं धरून होते. तो खोटा नव्हता असं मला आजही वाटतं.

कण्यावरचं कापड खाकी निघालं. वहीत पाहिलं. 643 समोर 'कापड' या रकान्यात: 'सुतारआळीतल्या मुलाची हाफ पँट, उरलेलं, विचारून'. पुढची पानं चाळली. 'पोलक्याचं खण, विचारून.' 'शाळेचा निळा झगा, विचारून.' 'लग्नाच्या सदऱ्याचं अस्तर, विचारून.' शिंप्याकडे तुकडे उरतातच आणि बहुतेक जण ते परत मागत नाहीत. अण्णा प्रत्येकाला तुकडा दाखवून विचारत. न्यायचा तर न्या, नाहीतर वाचनालयाला लावतो. हा रकाना बावीस वर्षांचा आहे आणि 'विचारून' हा शब्द एकाही ओळीत सुटलेला नाही.

17 डिसेंबर 2023

खळ. चार वेळा बिघडली, पाचव्यांदा जमली.

प्रमाण: एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गाठी मोडून घ्यायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन किंचित काचेसारखी झाली की उतरवायची. मी पहिल्यांदा मोठी आच ठेवली, तळाला लागली. दुसऱ्यांदा कच्ची राहिली, वाळल्यावर भुगा होऊन पडली. तिसऱ्यांदा गाठी. चौथी चांगली झाली, पण पातेलंभर केली आणि तिसऱ्या दिवशी आंबली.

अण्णा खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत, कसर लागू नये आणि खळ टिकावी म्हणून. सगळे बांधणीवाले घालायचे. मीही आणलं होतं. मग हस्तलिखितांच्या जतनाचं काम केलेल्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तांब्याचे क्षार कागदाला हळूहळू कुरतडतात. जुन्या चित्रांत जिथे तांब्याचा हिरवा रंग असतो तिथे कागद जळल्यासारखा होतो तो त्यामुळेच. शिवाय ते विषारी, घरातल्या भांड्यात करायचं नाही.

म्हणजे इथे अण्णांच्या पद्धतीने जायचं नाही. हे ठरवायला मला दोन दिवस लागले, त्यांचं सगळं जसंच्या तसं करावं असा हट्ट मनात होता. मग आठवलं, मशीनला पाय मारून गुडघे गेले तेव्हा अण्णांनी स्वतःच मोटर बसवून घेतली होती, आणि त्यांचे गुरू आयुष्यभर पायानेच शिवायचे. मोरचूद बंद. खळ रोज लागेल तेवढीच, वाटीभर.

7 जानेवारी 2024

आतापर्यंतचा खर्च. पुस्तक दाबून ठेवायचा जुना लाकडी शिकंजा 2,200 (नवा दुप्पट पडतो, दोन पाट आणि विटा ठेवूनही काम होतं, हे विकत घेतल्यावर कळलं). पुठ्ठा 640. दोरा आणि मेण 310. हातकागद 1,450, तो पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणवला. अस्तराला आणि फाटलेली पानं जोडायला तोच वापरते. फाटलेल्या जागी लावायची पट्टी कात्रीने कापू नका, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा. कडेचे तंतू मोकळे राहतात, ते कागदात मुरतात आणि जोड हाताला लागत नाही.

पुठ्ठे मात्र सगळे वाकले. आठ पुस्तकांचे. कागद आणि पुठ्ठा एका दिशेला सहज वाकतो, दुसऱ्या दिशेला अडतो. सहज वाकणारी बाजू कण्याला समांतर आली पाहिजे. मी पुठ्ठा वाचवायच्या नादात आडवेउभे कसेही कापले. आठही काढून पुन्हा केले. कापडालाही ताणा-बाणा असतोच, शिंप्याच्या मुलीला हे सुचायला हवं होतं.

21 जानेवारी 2024

तिसरा ढीग. वीट झालेली तेरा पुस्तकं. सगळी लहान मुलांची.

गुळगुळीत चित्रांचा कागद असतो त्यावर मातीसारखा एक थर दिलेला असतो. भिजून वाळला की तो थर शेजारच्या पानाच्या थराला धरतो. मी वाफ देऊन पाहिली, पातळ सुरी घालून पाहिली. एक पान सुटलं, त्यावर हत्तीचा अर्धा भाग, उरलेला अर्धा समोरच्या पानावर. अशी पुस्तकं ओली असतानाच पान न् पान वेगळं केलं तर वाचतात, किंवा लगेच गोठवून ठेवली तर वेळ मिळतो. पूर ओसरल्यावर गावात आठ दिवस वीजच नव्हती. तेरापैकी एकही वाचणार नाही.

ही पुस्तकं बुडाली कारण ती सगळ्यात खाली होती. ती खाली होती कारण अण्णांनी ती मुद्दाम तिथे ठेवली होती. पहिलीतल्या पोराला कुणाला न विचारता स्वतः काढता यावीत म्हणून. 2005 लाही वाचनालयाच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, तेव्हा आईने सांगितलं होतं की खालचा कप्पा रिकामा ठेवा. अण्णांनी ऐकलं नाही.

2019 च्या त्या रात्री मी रुग्णालयात ड्यूटीवर होते. आई शेजाऱ्यांबरोबर शाळेतल्या छावणीत पोचली, अण्णा तिच्याबरोबर नव्हते. ते वाचनालयात मधले कप्पे वर चढवत होते. वय सत्तरच्या पुढे. चार तास त्यांचा फोन लागला नाही. नंतर भेटले तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले. पुस्तकांसाठी बायकोला एकटं सोडलंत, इथपर्यंत. त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन महिने मी फोन आईलाच करत होते. पुढे आम्ही बोलायला लागलो, पण त्या रात्रीबद्दल कधीच नाही.

आज ही तेरा पुस्तकं समोर घेऊन बसले तेव्हा आईला विचारलं, तुला राग नाही आला? आई म्हणाली, "आला की. पण त्यांनी आधी मला शाळेच्या दारात पोचवलं, मगच गेले. तू विचारलं नाहीस, त्यांनी सांगितलं नाही."

आज यापुढे काम केलं नाही.

11 फेब्रुवारी 2024

दुसऱ्या ढिगातली 34 पैकी 20 झाली. फर्मे लावताना एक गोष्ट लक्षात आली.

ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचं एक गुप्त पान असतं. ठरलेल्या पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. आमच्या वाचनालयाचं पान 17. मला वाटायचं, सहज ठरवलेला आकडा. पण या 34 पैकी 21 पुस्तकांचा पहिला फर्मा गायब आहे. आधी सुटतो तो पहिला आणि शेवटचा. पान 17 म्हणजे बहुतेक पुस्तकांत दुसऱ्या फर्म्याचं पहिलं पान. या 21 पुस्तकांचे क्रमांक मला तिथेच सापडले, आणि क्रमांकांवरून वहीत नावं.

मी रक्ततपासणी विभागात काम करते. तिथे रुग्ण समोर असतानाच नळीवर नाव आणि क्रमांक लिहायचा असतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी माझ्या ट्रेमध्ये एकाच आडनावाच्या दोन नळ्या होत्या आणि एकीवरची चिठ्ठी ओली होऊन निघाली होती. अहवाल तयार झाले होते. ते बरोबर असण्याचीच शक्यता जास्त होती. तरी मी वरिष्ठांना सांगितलं, दोघांना पुन्हा बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं. खूप बोलणी खाल्ली. त्या रात्री अण्णांना फोन केला, मला वाटलं ते शाबासकी देतील. ते म्हणाले, "उसवायला तर लागतंच. उसवताना कापड फाटू द्यायचं नाही. त्या माणसांशी नीट बोललीस का?" मी नीट बोलले नव्हते. घाईत, त्यांचीच चूक असल्यासारखं बोलले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन दोघांची माफी मागितली.

तेव्हापासून अठरा वर्षं मी याच विभागात आहे. दोनदा बढतीने कार्यालयात जायची संधी आली, गेले नाही. लोक कारण विचारतात तेव्हा मला नीट सांगता येत नाही. सुईची भीती वाटणाऱ्या पोराशी बोलत बोलत रक्त घेणं मला जमतं, आणि ते कुणीतरी नीट करायला हवं असं वाटतं.

24 मार्च 2024

आणखी एक महाग पडलेली चूक. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून नऊ पुस्तकं तालुक्याच्या छापखान्यात कटिंगला दिली. यंत्राने सरळ रेषेत कापली, आणि समासात लोकांनी पेन्सिलीने लिहिलेलं अर्धं गेलं. एका शेतीच्या पुस्तकात कुणीतरी द्राक्षाच्या फवारणीच्या तारखा लिहिल्या होत्या, त्यातले महिने कापले गेले. दोष छापखान्याचा नाही, मी सांगितलं ते त्यांनी केलं. अण्णांची पुस्तकं कडांना नेहमी खालीवर असायची. मला तो गबाळेपणा वाटायचा. कडा कापू नका.

वेळेचा हिशेब: एका पुस्तकाला सरासरी साडेतीन तास. सुरुवातीला सात लागत होते.

14 एप्रिल 2024

आज 81 पुस्तकं वाचनालयाला परत दिली. निर्लेखित पुस्तकं जुन्या क्रमांकावर परत घेता येत नाहीत, म्हणून देणगी म्हणून दाखल झाली, नवे क्रमांक पडले. आत्ताच्या ग्रंथपाल मॅडमनी जुना क्रमांकही पेन्सिलीने खाली लिहायचं कबूल केलं. शिक्के पान 17 वरच.

आजचा दिवस मुद्दाम निवडला. सुट्टी असली तरी अण्णा 14 एप्रिलला वाचनालय उघडायचे. ज्या माणसाने दादरला पुस्तकं मावावीत असं घर बांधलं, त्याच्या जयंतीला वाचनालयाला कुलूप नको, असं ते म्हणत.

आई आली होती. तिला वहीतलं पहिलं पान दाखवलं आणि विचारलं, श्लोक उतरवताना अण्णांचं चुकलं का? ती म्हणाली, चुकलं नव्हतं, सगळा उतरवला होता. पुढे समितीवरच्या एकाने सांगितलं की वीटभट्टीवरच्या पोरांना पुस्तकं घरी देऊ नका, हात घाण असतात, त्यांना कळत नाही. त्या रात्री घरी येऊन अण्णांनी तेवढे शब्द खोडले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या नळावर साबणाची वडी आणि एक पंचा ठेवला आणि पोरांना सांगितलं, हात धुवा आणि पुस्तक घेऊन जा.

तो नळ आणि त्याखालची साबणाची दगडी खाच मी रोज पाहत होते. ती कशासाठी आहे हे मला आज कळलं.

कापडाबद्दल. अण्णांच्या दुकानातले तुकडे साठ पुस्तकांपर्यंत पुरले, मग संपले. बाजारातून बकरम, म्हणजे बांधणीचं ताठ कापड, आणणार होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी लेकीच्या गणवेशाचा तुकडा घेऊन आल्या. नंतर आणखी सात-आठ जणी. वहीत मी पुढे लिहायला घेतलंय, त्याच रकान्यांत. 'विचारून' लिहायची गरज नाही कारण लोक स्वतःच देतायत, तरी विचारते आणि लिहिते.

9 जून 2024

पाऊस सुरू झाला, आता बांधणी बंद. हवेत ओल असली की खळ वाळत नाही आणि बुरशी धरते. मागच्या आठवड्यात दोन पुस्तकांवर धरली, ती वेगळी काढली आहेत. ऑक्टोबरपर्यंत शिकंजा झाकून ठेवते.

हिशेब: 118 पैकी 81 परत, 3 मी बिघडवली, 13 वाचली नाहीत, 21 उरली. एकूण खर्च 7,860 रुपये. चित्रांची मुलांची तेरा पुस्तकं नवी घ्यायचा विचार आहे, त्यातली चार अजून बाजारात मिळतात. ती खालच्याच कप्प्यात ठेवायची असं मॅडमशी ठरलंय. जूनच्या सुरुवातीला पेट्यांत भरून वर चढवायची, ऑक्टोबरमध्ये पुन्हा खाली. चढवायचं काम माझ्याकडे. सध्या त्या कप्प्यात आहेत ती आज चढवून आले.

643 क्रमांकाचं, ज्यावर मी शिकले ते, एप्रिलमध्ये परत दिलं होतं. ते एकीने नेलं आणि काल आणून दिलं. पान 41 आणि 58 वर ज्वारीच्या पिठाचे बोटांचे ठसे आहेत. अशा वेळी ओलं फडकं लावू नका, पिठाची खळ होऊन पानं चिकटतील. चांगलं वाळू द्यायचं आणि मऊ कोरड्या ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे झटकायचं. निघतं.